चाळीस सुया, शिल्लक शून्य

१० जानेवारी २०१६, रविवार. सकाळी ७.४०
डायरी दहा दिवस उशिरा सुरू होतेय. पण आज इतिहास घडला, त्यामुळे मुहूर्त बरोबरच साधला गेला म्हणायचं.

आधी संकल्प. रोज लिहिणे. बायकोशी, म्हणजे निवेदिताशी, वाद न घालणे. जुना वर्गमित्र देवव्रतच्या फेसबुक पोस्ट न बघणे. माझ्या अर्धवट पीएचडीचा विषय निघाला तर शांत राहणे.

आता इतिहास. मागच्या अंगणात चहा घेत होतो. कुंपणाच्या खांबावर सुरवंट. करंगळीएवढा, हिरवा, अंगावर तिरपे पट्टे, शेपटीला शिंग. शिंग दिसलं की स्फिंक्स मॉथ, म्हणजे स्फिंक्स पतंगाची अळी, हे मला कोणी सांगायला नको. एम.एस्सी. ॲग्री, कीटकशास्त्र, फर्स्ट क्लास. आणि खांब कशाचा? पाइनचा. शेजारच्या ग्रॅहमच्या अंगणात काय आहे? साठ फुटी पाइन. म्हणजे हा पाइनवर जगणारा स्फिंक्स. युरोपात असतो. न्यूझीलंडमध्ये आजवर कोणालाही सापडलेला नाही.

खांबापासून दीड फुटावर निवेदिताचा रताळ्यांचा वाफा आहे. महाशिवरात्रीच्या उपासाला घरची रताळी हवीत म्हणून तिने नोव्हेंबरात वेल लावले. त्याचा इथे काही संबंध नाही, पण शास्त्रीय नोंद पूर्ण असावी.

संध्याकाळी ६
आइस्क्रीमच्या दोन लिटरच्या डब्यात सुरवंट. झाकणाला भोकं. मुक्काम लॉन्ड्रीत, म्हणजे कपडे धुवायच्या खोलीत, वॉशिंग मशीनवर. घरात घोषणा केली की हा क्वारंटाइन आहे, मी सोडून कोणी हात लावायचा नाही. अनुयाने विचारलं की त्याचं नाव केव्हिन ठेवू का. अनुया दहा वर्षांची आहे, मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. तिला सांगितलं, शास्त्रीय नमुन्याला नाव नसतं, नंबर असतो. नमुना क्रमांक १.

निवेदिता म्हणाली की शेती मिनिस्ट्रीच्या हॉटलाइनला फोन कर, परदेशी किडा दिसला तर करायचा असतो. करणार नाही. फोन केला की कोणीतरी जॅकेटवाला येणार, डबा उचलून नेणार, आणि पेपरात त्याचा फोटो. मी मागे उभा, अर्धा कापलेला. पतंग बाहेर येईपर्यंत वाढवायचा, पुरावा पक्का करायचा, मग सांगायचं.

१२ जानेवारी, मंगळवार
पाइनच्या सुया (म्हणजे पानं) दिल्या: ४०. शिल्लक: ४०.

नवीन जागेचा ताण. अपेक्षित होतं.

बंदराजवळच्या यार्डात मी पाइनचे ओंडके स्कॅन करतो. ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर बारकोडचं तिकीट असतं, त्यावर मशीन धरायचं, पीप वाजलं की पुढचा ओंडका. दिवसाला दोन-अडीच हजार पीप. हिरवं जॅकेट, लोखंडी टोकाचे बूट. चार वर्षांत तेवीस अर्ज केले, तेवीस पत्रं आली. सगळ्यांत एकच कारण, लोकल एक्स्पीरियन्स नाही. निवेदिता हॉस्पिटलात फार्मसिस्ट. तिच्या जिवावर व्हिसा मिळाला, फॉर्मवर माझ्या नावापुढे सेकंडरी ॲप्लिकंट. तो फॉर्म मी विसरलेलो नाही. मला काही मोठं नको आहे. एकदा कोणीतरी, ज्याला विषय कळतो अशा कोणीतरी, मला फोन करून विचारावं की तुमचं मत काय.

रात्री जेवण गेलं नाही. ॲसिडिटी.

१३ जानेवारी, बुधवार
४०. शिल्लक ४०.

सुरवंट सुस्त. थोडा बारीक झाल्यासारखा. कदाचित प्रकाशामुळे. निवेदिताने मटकीची उसळ केली होती, पण घासच उतरेना. अनुयाने तीनदा विचारलं की बाबा, आर यू सिक. नाही म्हटलं. ती ताट घेऊन बराच वेळ माझ्याकडे बघत बसली होती.

१४ जानेवारी, गुरुवार. दुपारी ४.२०
४०. शिल्लक शून्य.

पुन्हा लिहितो, शिल्लक शून्य. एकही सुई नाही. सुरवंट टुमटुमीत. तळाला टपोऱ्या लेंड्या. पाइन खाल्ला, सिद्ध झालं. बसलो तिथेच, वॉशिंग मशीनला टेकून, आणि खरं सांगायचं तर डोळ्यांत पाणी आलं.

सगळ्यांना घेऊन जवळच्या माउंट नावाच्या बीचवर गेलो. जँडल्स, म्हणजे रबरी चपला, हातात घेऊन पाण्यातून चाललो, डेअरीमधून, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानातून, आइस्क्रीम घेतलं. घरी येऊन दोनदा भात घेतला. निवेदिता म्हणाली की खूप दिवसांनी तू गुणगुणतोयस.

१७ जानेवारी, रविवार
१५ तारखेला ४०, शून्य. १६ ला ६०, शून्य. आज ६०, शून्य. काय भूक आहे पठ्ठ्याची.

डब्यात हिरव्या पानाचा एक चतकोर तुकडा सापडला. हृदयाच्या आकाराच्या पानाचा असावा. झाकणाच्या भोकातून वाऱ्याने आला असणार.

निवेदिताची कटकट, रताळ्याची पानं कोणीतरी खातंय. म्हणाली, तू एवढा कीटकशास्त्रज्ञ, जरा बघ की. तिला सांगितलं, गोगलगायी आहेत, त्यांच्या विषाच्या निळ्या गोळ्या टाक. परसबागेतली गोगलगाय हा माझ्या पातळीचा विषय नाही.

२२ जानेवारी, शुक्रवार
यार्डात सकाळची मीटिंग. सुपरवायझर टामा भला माणूस आहे, मला पुरू म्हणतो, किया ओरा म्हणून हस्तांदोलन करतो, पण मी कोण आहे हे त्याला माहीत नाही. आज त्याने पोस्टर दाखवलं. परदेशी किडा दिसला आणि लपवला तर दंड, कदाचित तुरुंगही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी सगळ्यांत जास्त.

घरी येताना विचार केला. माझा सुरवंट खरंच पाइनचा असेल तर मी गुन्हेगार. नसेल तर मूर्ख. अर्थात तो आहेच, म्हणजे मी मूर्ख नाही. दोन्हींपैकी गुन्हेगार बरा. अडीच हजार ओंडक्यांना पीप करताना आज पहिल्यांदा वाटलं की या सगळ्या जंगलाचं भवितव्य माझ्या लॉन्ड्रीत, आइस्क्रीमच्या डब्यात आहे. छाती भरून आली.

२६ जानेवारी, मंगळवार
पेपरचं नाव ठरलं. न्यूझीलंडमधील पाइनभक्षक स्फिंक्सची पहिली नोंद. लेखक, पुरुषोत्तम. एकटा.

नवीन उपजात निघाली तर स्वतःचं नाव स्वतः देणं शिष्टसंमत नाही. दुसऱ्याने द्यावं लागतं. देवव्रत देऊ शकेल. आम्ही पुण्याच्या ॲग्रीकल्चर कॉलेजात एका वर्गात होतो. तो आता ऑकलंडच्या एका रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सायंटिस्ट. तिसऱ्या वर्षाला त्याला कीटकपेटीत, म्हणजे पिन लावून मांडलेल्या किड्यांच्या संग्रहात, डिस्टिंक्शन मिळालं ते माझी पेटी बघून बघून. आता सातासमुद्रापार येऊन माझ्या नावाचा पतंग लिहील. वायतांगीच्या, म्हणजे इथल्या राष्ट्रीय दिनाच्या, सुट्टीत घरी बोलावलंय. संकल्प मोडून त्याची फेसबुक पोस्ट बघितली. पाचव्यांदा फिजीला गेलाय. पेपर तीन वर्षांत एकच.

३१ जानेवारी, रविवार
सुरवंट तपकिरी पडून डब्यात चकरा मारत होता. अनुया म्हणाली की त्याला माती हवीय, तो खाली जाणार. तिला कुठून कळलं कोण जाणे. तरी माती घातली. अर्ध्या तासात आत गेला. तिचा अंदाज योगायोगाने बरोबर आला.

७ फेब्रुवारी, रविवार
देवव्रत आला. बायको-मुलांशिवाय, पण नवीन गाडीसह. जेवणाआधी त्याला लॉन्ड्रीत नेलं. हाताने माती बाजूला केली. कोष बाहेर काढला. लालसर तपकिरी, चकचकीत, आणि तोंडाकडे एक वळलेला कान. कपाला असतो तसा.

देवव्रतने कोष तळहातावर घेऊन उलटापालटा केला. मग म्हणाला की हा कान म्हणजे लांब सोंडेचं म्यान आहे, पाइनच्या स्फिंक्सला एवढी सोंड नसते. हा आपल्याकडचाच, रताळ्यावरचा वाटतो, इथेही खूप सापडतो. आपल्या पेटीत होता की रे, वरच्या ओळीत डावीकडून तिसरा. मी विचारलं, कोणाच्या पेटीत. तो म्हणाला, तुझ्याच.

माझ्या पेटीत होता, कबूल. पण ती पेटी मी सीनियरकडून घेतली होती, सगळेच घेतात, तीन वर्षं एकच पेटी फिरते. मी फक्त लेबलं नवीन चिकटवली. त्यामुळे त्यातला प्रत्येक किडा मला तोंडपाठ असण्याचा प्रश्नच येत नाही.

त्याला म्हटलं, मग पाइन कसा खाल्ला? अठरा दिवस, नऊशे चाळीस सुया. माझ्याकडे तक्ता आहे. त्याने तक्ता वाचला आणि अनुयाकडे बघितलं. अनुया आपल्या पायांकडे बघत होती. देवव्रत म्हणाला की बरं, छान आहे, वाढव. मग पुरणपोळीकडे वळला.

पोटात दुखतंय त्याच्या, दुसरं काय. कान म्हणजे दक्षिण गोलार्धातलं अनुकूलन. इथे फुलं खोल असतात.

२७ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी
पतंग बाहेर आला. राखाडी, एवढा मोठा की माझी मूठ झाकेल. पोटावर गुलाबी पट्टे. पाइनच्या स्फिंक्सला गुलाबी पट्टे नसतात, पण डिंकातल्या रंगद्रव्याने येऊ शकतात. तपासावं लागेल.

अनुया म्हणाली की आता सोडून देऊ या, ग्रॅहमच्या बागेत फुलं आहेत. नमुना सोडता येत नाही, हे तिला समजावलं. पिन लावायची तर शरीर अखंड हवं, आणि अखंड मारायचं तर फ्रीझर उत्तम. डबा खवलेल्या नारळाशेजारी ठेवला. ती दोन तास बाथरूमची कडी लावून बसली होती. शास्त्राची किंमत असते, मोठी झाली की कळेल. नाश्त्याला पुऱ्या होत्या, छान फुगल्या होत्या.

फोटो मिनिस्ट्रीला पाठवले. सोबत तीन पानी पत्र.

२९ फेब्रुवारी, सोमवार
उत्तर आलं. ऑफिस उघडल्यावर अकरा मिनिटांत. माझी तीन पानं, त्यांच्या चार ओळी. पोटावरच्या गुलाबी पट्ट्यांवरून हा कॉन्व्हॉल्व्ह्युलस हॉकमॉथ, माओरीत हीहुए, उत्तर बेटावर सर्वत्र, आवडतं खाद्य कुमारा. कुमारा म्हणजे रताळं. काळजीचं कारण नाही. कळवल्याबद्दल चिअर्स. खाली नाव कोणा ब्रॉडीचं.

ब्रॉडी. वय बावीस असेल. गुलाबी पट्टे ओळखायला काय लागतं.

जेवलो नाही.

७ मार्च, सोमवार. महाशिवरात्र
निवेदिताने वाफा अर्धा उकरला. रताळी बोटाएवढी. पानंच उरली नाहीत तर खाली काय भरणार, असं म्हणाली. माझ्याकडे न बघता म्हणाली. सहा वेल, त्यातून एका वेळचा कीस. तूप-जिऱ्याची फोडणी, दाण्याचं कूट, वर नारळ. नारळ फ्रीझरमधला. मला खाववला नाही. उपास म्हणून सांगितलं, निर्जळी.

आज पीप करताना दोन ओंडके चुकले. टामा म्हणाला, नो वरीज ब्रो. हा देश कशाचीच काळजी करत नाही, म्हणून इथे माझ्यासारख्याची गरज नाही.

८ मार्च, मंगळवार. पहाटे ५
अंघोळ करताना एकदम लख्ख पडलं, कळलंच नाही इतके दिवस कसं.

रताळ्यावरचा किडा. मान्य. ब्रॉडी बरोबर, देवव्रत बरोबर. पण मग रताळ्यावरच्या किड्याने अठरा दिवस पाइन खाल्ला. हे तर त्याहून मोठं. नवीन किडा येणं ही बातमी. जुन्या किड्याने झाड बदलणं हा शोध. उद्या यांनी झुंडीने पाइन खायला सुरुवात केली तर या देशाच्या निम्म्या टेकड्या बोडक्या होतील, आणि ते आधी कोणी पाहिलं? ओंडके मोजणाऱ्याने.

देवव्रतच्या इन्स्टिट्यूटला सोडून दुसऱ्या एका संस्थेला मेल केला. नऊशे चाळीस सुयांचा तक्ता जोडला. नाश्त्याला चार पोळ्या खाल्ल्या. निवेदिताने हातातला चहा खाली ठेवला आणि खिडकीतून वाफ्याकडे बघितलं.

१६ मार्च, बुधवार. दुपारी १२.१०
फोन आला.

यार्डात, ओंडक्यांच्या चळतीमागे उभा राहून घेतला. डॉ. लिनेट, जंगलातल्या किडींवर तीस वर्षं काम. आवाज म्हातारा, घाई नसलेला. म्हणाली की तक्ता वाचला, खरं असेल तर आम्हाला ताबडतोब कळायला हवं. विचारलं, तुमच्याशिवाय कोणी खाद्य बदलू शकत होतं का. मी म्हटलं, अजिबात नाही. मग विचारलं की यामागचं कारण काय असावं, तुमचं मत काय.

माझं मत काय. मी चाळीस मिनिटं बोललो. ती ऐकत होती. मध्ये मध्ये हो म्हणत होती.

५ एप्रिलला स्वतः गाडी चालवत येणार आहे. तोवर पाच नवीन सुरवंट पाइनवर ठेवायला सांगितलं. सहज विचारलं की तुम्ही सध्या कुठे काम करता, आमच्याकडे हिवाळ्यात टेक्निशियनची एक जागा निघते. सहज नव्हतं ते. मला कळतं.

टामाने पगारातून अर्धा तास कापला. कापू दे.

१९ मार्च, शनिवार
पाच सुरवंट गोळा केले. कुठून हे महत्त्वाचं नाही. (उरलेल्या अर्ध्या वाफ्यातून. ग्रॅहमचा पाइन उंच आहे.) या वेळी काटेकोर. गराजला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. कोणी म्हणायला नको की पद्धतीत ढिलाई होती.

सुया: २००. शिल्लक: २००. नवीन जागेचा ताण.

२२ मार्च, मंगळवार
२००. शिल्लक २००.

गराज थंड पडतं. शिवाय ही पिढी वेगळी आहे, उन्हाळ्याच्या शेवटची. सवय व्हायला वेळ लागेल. अनुयाने किल्ली मागितली. सायकल काढायची म्हणाली. सायकल मीच काढून दिली.

२४ मार्च, गुरुवार
एक गेला. अनुयाने पुन्हा किल्ली मागितली, यावेळी सायकलचं नावही घेतलं नाही. क्वारंटाइन म्हणजे क्वारंटाइन, असं जरा आवाज चढवून सांगितलं.

मी चांगला जेवतोय. झोपही लागते. डॉ. लिनेटपुढे काय बोलायचं त्याची रोज गाडीत तालीम.

२७ मार्च, रविवार. ईस्टर
आणखी दोन गेले. दोन राहिले. जे टिकतील तेच खरे पाइनचे, निसर्गाची निवड अशीच होते. उलट हा भक्कम पुरावा.

अनुयाने तिसऱ्यांदा किल्ली मागितली. रडत होती. चॉकलेटचं अंडं दिलं, घेतलं नाही. निवेदिता म्हणाली की पुरू, पुरे आता. पुरे काय ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. संकल्प क्रमांक दोन पाळला.

३० मार्च, बुधवार
शाळेत पालकांची संध्याकाळ होती. पहिल्या टर्मचा विषय, आपल्या घराजवळचा एक सजीव. हॉलमध्ये टेबलं, टेबलांवर मुलांच्या वह्या. मला जायचं नव्हतं, प्रेझेंटेशन बाकी होतं. निवेदिताने गाडीची चावी हातात दिली आणि म्हणाली की चल, तूच चालव.

अनुयाच्या वहीवर नाव होतं, केव्हिन. आत चित्रं. सुरवंट, कोष, कोषाचा कान. कानाखाली लिहिलं होतं, इथे सोंड असते. प्रत्येक पानावर तारीख आणि दोन रकाने. एक केव्हिनचा, एक बाबाचा. इंग्रजीत होतं, जेवढं आठवतं तेवढं इथे मराठीत उतरवतो. आठवायचा प्रयत्न करावा लागत नाही.

१२ जाने. केव्हिन: काही नाही. बाबा: अर्धी पोळी.
१३ जाने. केव्हिन: काही नाही. बाबा: काही नाही. केव्हिन मरेल बहुतेक.
१४ जाने. सुया कंपोस्टमध्ये टाकल्या. रताळ्याचं पान दिलं. केव्हिन: दोन पानं. बाबा: दोनदा भात. आम्ही बीचवर गेलो.
१५ जाने. केव्हिन: तीन पानं. बाबा: तीन पोळ्या. बाबा गाणं म्हणत होता. सुया मोजून टाकाव्या लागतात कारण तो मोजतो.

असं अठरा दिवस. मग,

२७ फेब्रु. केव्हिन: फ्रीझर. बाबा: पाच पुऱ्या.
२९ फेब्रु. बाबा: काही नाही. आता द्यायला केव्हिन नाही.
८ मार्च. बाबा परत जेवायला लागला. मी काही केलं नाही.

शेवटच्या पानावर पाच सुरवंटांची नावं होती. प्रत्येकापुढे काही नाही, काही नाही. माझ्यापुढे चार पोळ्या, तीन पोळ्या. खाली लिहिलं होतं, केव्हिन जेवला की बाबा जेवतो असं मला वाटायचं. आता जुळत नाही. गराजला कुलूप आहे. किल्ली तीनदा मागितली.

त्याखाली टीचरचा सोनेरी स्टार, आणि शेरा, अप्रतिम निरीक्षण.

माझ्या शेजारी कोणाचे तरी आईबाप वाकून वाचत होते. बाई हसली, मग शेवटच्या पानावर हसायची थांबली. टीचरने येऊन विचारलं की यातले बाबा तुम्हीच का. मी हो म्हटलं. तेवढंच मत विचारलं तिने.

गाडीत निवेदिताला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली की जानेवारीपासून. पानं कोण नेतंय ते खिडकीतून दिसत होतं, म्हणून निळ्या गोळ्या टाकल्या नाहीत. मग सांगितलं का नाहीस, असं विचारलं. तिने काच खाली केली. म्हणाली की घरात तू खुश होतास. चार वर्षांत पहिल्यांदा. त्यापुढे मला रताळी नको होती.

घरी येऊन गराज उघडलं. दोघांपैकी एक हलत होता. अंधारात वाफ्यातलं पान तोडून आणून दिलं. त्याने ते कडेपासून खायला सुरुवात केली, शिस्तीत, खालून वर. जानेवारीपासून इतक्या नोंदी केल्या, त्यातला एकही मी कधी खाताना बघितला नव्हता.

१ एप्रिल, शुक्रवार
डॉ. लिनेटला फोन करून येऊ नका म्हणून सांगायचं. नंबर दोनदा लावला. दोन्ही वेळा उचलायच्या आत ठेवला.

जेवण जात नाही.

३ एप्रिल, रविवार
विचारांती ठरवलं, येऊ दे. पाइन थोडासा तरी खाल्लाच असेल. एखादी सुई. पोरीने काय प्रत्येक सुई मोजली असेल का.

(मोजली आहे. वहीत आहे.)

५ एप्रिल, मंगळवार
डॉ. लिनेट साडेतीनला आली. ठेंगणी, पांढरे केस, बूट चिखलाने भरलेले. मी सकाळी गराजच्या डब्यातून पानं काढून टाकून चाळीस सुया घातल्या होत्या. तिने चष्मा कपाळावर सरकवला आणि भिंगातून आधी लेंड्या बघितल्या. सुयांकडे बघितलंच नाही. चिमट्याने तळाचा एक हिरवा कण उचलला, उजेडाकडे धरला, परत ठेवला. मग अगदी साध्या आवाजात विचारलं की फक्त पाइनच ना.

मी तोंड उघडलं. गराजच्या दारात अनुया उभी होती, शाळेचा युनिफॉर्म, दप्तर पाठीवरच. माझ्याआधी तीच बोलली. म्हणाली, ओन्ली पाइन. ओन्ली बाबा फीड्स देम.

ही पोरगी कधी खोटं बोलत नाही. डॉ. लिनेटने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी जमिनीकडे बघत होतो. तिथे तेलाचा जुना डाग आहे. मी काहीच बोललो नाही. एवढं सोपं होतं, दोन वाक्यं.

तिने झाकण लावलं. हात धुवायला नळ कुठे आहे विचारलं. चहा घेतला, दोन चकल्या खाल्ल्या, हीप्स टेस्टी, म्हणजे खूपच छान, म्हणाली. टेक्निशियनच्या जागेबद्दल एक शब्द नाही. जाताना अनुयाला म्हणाली की पानं सकाळी तोडावीत, तेव्हा कोवळी असतात. मला म्हणाली की वी विल बी इन टच. इन टच म्हणजे काय ते मला तेवीस पत्रांनी शिकवलंय. तिची गाडी वळली तशी ग्रॅहमने पाइनखालून हात केला. मीही केला.

अनुयाला अंगणात विचारलं की का बोललीस असं. ती वाफ्याजवळ बसून पान निवडत होती. मराठीत म्हणाली, मोडक्यातोडक्या, पण मराठीत. नाहीतर तू परत जेवणार नाहीस.

सुरवंट तिच्या हवाली केला. नाव विचारलं नाही.

संध्याकाळी निवेदिताने राहिलेला वाफा उकरला आणि उपास नसताना कीस केला. आम्ही तिघं टेबलाशी. दोघी आपापल्या ताटात बघत होत्या आणि बघत नव्हत्या. अनुयाने डाव घेऊन माझ्या वाटीत कीस वाढला आणि पेन्सिल शोधायला लागली.

सुया: ४०. शिल्लक: ४०. पान: एक, संपलं. बाबा: एक वाटी कीस, संपला.